कृपया वर ठेवावे

इंग्रजी भाषेशी माझे वैर नाही. वैर करायचे तर ती भाषा आधी नीट यावी लागते, आणि मी पडलो मराठी शाळेतला बी.कॉम. डेबिट डावीकडे आणि क्रेडिट उजवीकडे, एवढे विद्यापीठाने मला पक्के शिकवले आणि गेली वीस-बावीस वर्षे बँक मला तेवढ्यावर पोसते आहे. तेव्हा शेक्सपिअरबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याने मला कधी त्रास दिलेला नाही. त्रास दिला तो दोन आखूड शब्दांनी. दोन्ही मिळून इंग्रजीत पाच अक्षरे. पुट आणि अप.

एकेकटे भेटले तर दोघेही सालस. पण गल्लीतली दोन वांड पोरे एकत्र आली की काच कोणाची फुटेल याचा जसा नेम नसतो, तसे या जोडीचे आहे. या लेखात मी तिच्यावर रीतसर फिर्याद दाखल करत आहे. तिला जन्मठेप वगैरे नको. आमच्या कचेऱ्यांतून तडीपार करा, एवढीच मागणी.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचे. सरांनी फळ्यावर लिहिले आणि म्हणाले, “पुट म्हणजे ठेवणे. अप म्हणजे वर. मग पुट अप म्हणजे?” मी उभा राहून ठणकावून सांगितले, “वर ठेवणे!” सर म्हणाले, “शाबास!” सबंध शालेय आयुष्यात इंग्रजीत मिळालेली ही माझी एकमेव शाबासकी. ती पुढे किती महागात पडली ते ऐका.

नोकरीचा पहिला दिवस. नवे बूट चावत होते. मोठ्या कचेरीतल्या एका साहेबांनी माझे कागद पाहिले, मान वर केली आणि अत्यंत मायेने विचारले, “व्हेअर आर यू पुट अप?”

मला घाम फुटला. मला वर ठेवले आहे? कोणी? कुठे? मी एकदा खाली बुटांकडे पाहिले, जमिनीला टेकलेले आहेत याची खात्री करून घेतली आणि म्हणालो, “आय ॲम नॉट पुट अप, सर. आय ॲम स्टँडिंग हिअर ओन्ली.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. बाहेर आल्यावर शिपायाने समजूत घातली, “अहो, उतरलात कुठे म्हणून विचारत होते ते!”

आता बोला! मराठीत माणूस परगावी गेला की तो उतरतो. ‘कुठे उतरलात?’ असे आपण आपुलकीने विचारतो. इंग्रजीत त्याच माणसाला, त्याच खोलीत, त्याच खाटेवर वर ठेवतात! एक भाषा म्हणते खाली या, दुसरी म्हणते वर चढा. मध्ये बिचारा पाहुणा वळकटी धरून उभा.

त्या संध्याकाळी मी रद्दीच्या दुकानातून एक जाडजूड इंग्रजी कोश विकत आणला. म्हटले, या जोडगोळीची एकदा कुंडली मांडूच. मांडली, आणि पस्तावलो.

छत्री उघडली तर ती पुट अप केली. तंबू ठोकला, पुट अप. फळ्यावर नोटीस लावली, पुट अप. वर्गात हात वर केला, पुट अप. बाईने केस वर बांधले, पुट अप. इथपर्यंत मी सरांचे मनोमन आभार मानत होतो, कारण काहीतरी वर जात होते. भाव वाढवले तरी पुट अप, तेही समजले. भाव वरच जातात, त्यांना दुसरा रस्ताच ठाऊक नाही.

पुढे मात्र घसरण लागली. घर विकायला काढले, पुट अप. निवडणुकीला उमेदवार उभा केला, पुट अप. (हे दोन अर्थ कोशात लागोपाठ छापले होते. छापणाऱ्याच्या मनात काय होते, देव जाणे.) धंद्यात स्वतःचे पैसे घातले, पुट अप. कर्ज मागायला येणाऱ्या मंडळींना नेमका हाच अर्थ ठाऊक नसतो. एखाद्याला फूस लावली, तर त्याला ‘पुट अप टू’. आधी ठरवून केलेला बनाव म्हणजे ‘पुट अप जॉब’. आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणे, मुकाट्याने खपवून घेणे. हा शेवटचा अर्थ मी आमच्या सौ.ना स्वयंपाकघरात जाऊन उत्साहाने समजावून सांगितला. तव्यावरची पोळी उलटत ती म्हणाली, “मला कशाला शिकवताय? लग्न झाल्यापासून तेच तर करतेय.”

कडी म्हणजे, झुंज दिली तर तेही पुट अप, आणि जुन्या इंग्रजीत तलवार म्यान केली तर तेही पुट अप! म्हणजे रणांगणावर सेनापतीने नुसते ‘पुट अप!’ असे ओरडले असते, तर अर्धी फौज धावून गेली असती आणि अर्धी घरी गेली असती. इंग्रजांनी तरीही एवढे साम्राज्य कसे मिळवले, हे कोडेच आहे.

हा नुसता मराठी शाळेतल्या पोराचा कांगावा आहे, असे समजू नका. खुद्द सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला तेव्हा प्रस्तावनेतच कबूल केले होते, की क्रियापदाला मागून एक चिमुकला शब्द चिकटवून अर्थच बदलून टाकण्याची ही खोड इंग्रजीत फार आहे आणि परक्यांना सगळ्यात जास्त अडचण तिचीच होते. या रोगाला ‘फ्रेजल व्हर्ब’ हे भारदस्त नाव रूढ झाले ते नंतर. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली आपल्या पुस्तकात ते वापरले. म्हणजे निदान आधी झाले, बारसे मागाहून आणि औषध अजून नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्या मराठीचे काय? आपले ‘लागणे’ काय कमी आहे? मान्य. आपल्याला भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दूध खाली लागते, दुपारी जरा डोळा लागतो, मामा नात्याने मामा लागतो आणि शेवटी सगळ्यांची मिळून वाट लागते. एखाद्या इंग्रजाला हे शिकायला लावले तर तोही देशोधडीला लागेल. पण एक फरक आहे. ‘लागणे’ आपले आपण होते. भूक लागावी म्हणून कोणी अर्ज करत नाही, आणि ठेच लागल्यावर ती साहेबांकडे कोणी पाठवत नाही. ‘लागणे’च्या आड लपून आजवर कोणी सही चुकवलेली नाही.

‘पुट अप’च्या आड मात्र अख्खी कचेरी लपते. आता मी मूळ मुद्द्यावर येतो.

वर दिलेले सारे अर्थ साहेबाच्या देशातले. आपल्या कचेऱ्यांनी त्यात स्वतःची भर घातली: फाइल पुट अप करणे. म्हणजे काय? कागदाला कागद जोडायचा, टाचणी टोचायची, खाली ‘पुट अप फॉर काइंड परूझल अँड नेसेसरी ऑर्डर्स’ असे वळणदार अक्षरात लिहायचे आणि कागद दुसऱ्याच्या ट्रेमध्ये सोडून चहाला जायचे. सरकारी मराठीत यालाच ‘आदेशार्थ सादर’ म्हणतात. आमच्या शाखेत दाराशी ‘आज का शब्द’ लिहायचा एक फळा आहे. त्यावर एकदा ‘पुट अप – प्रस्तुत करना’ असे लिहिले गेले. बिचारे ‘प्रस्तुत’ तीन महिने त्या फळ्यावर राहिले, कारण नवा शब्द पुट अप करणारा गृहस्थ रजेवर होता.

साहेबांची केबिन माझ्या काउंटरपासून बरोबर अकरा पावलांवर आहे. मध्ये पायरी नाही, उंबरठासुद्धा नाही. तरी कागद माझ्याकडून त्यांच्याकडे ‘वर’ जातो. तिथून ‘प्लीज पुट अप विथ डिटेल्स’ असा शेरा घेऊन खाली येतो आणि डिटेल्स घेऊन पुन्हा वर जातो. संगणक आले, आता कागद थांबेल असे वाटले होते. कसले काय! पूर्वी टाचणी तरी बोटाला टोचायची. आता ईमेल टोचतही नाही. एका बटनात पुट अप.

हे सगळे मी परवा-परवापर्यंत हसण्यावारी नेत होतो. एका आजींनी माझे हसे बंद केले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आजींचे यजमान एस.टी.तून निवृत्त झालेले. ते गेले. मागे एक बचत खाते आणि एक मुदत ठेव. दोन्हींवर नॉमिनी म्हणून आजींचे नाव. चौदावा झाल्यावर चार दिवसांनी आजी आल्या. मृत्यूचा दाखला, पासबुक, ठेवीची पावती, स्वतःची ओळखपत्रे, सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवीला रबर. असे खातेदार लाखात एक. मी फॉर्म भरून घेतला, त्यांचा अंगठा नव्हे, चांगली मोडी वळणाची सही घेतली आणि म्हणालो, “आजी, काळजी करू नका. आजच वर पाठवतो.”

पाठवला. ऑफिसरचा शेरा आला: ‘पुट अप विथ सिग्नेचर कार्ड.’ मी कार्ड जोडले, पुट अप केले. मॅनेजरसाहेब रजेवर. त्यांच्या जागी बसलेल्यांनी लिहिले: ‘पुट अप टू मॅनेजर ऑन रिटर्न.’ साहेब परत आले, मी पुट अप केले. त्यांनी लिहिले: ‘डिस्कस अँड पुट अप.’ कोणी कोणाशी डिस्कस करायचे ते लिहिले नव्हते. मी आठवडाभर वाट पाहिली आणि पुन्हा पुट अप केले. शेरा आला: ‘पुट अप विथ प्रीव्हियस पेपर्स.’ प्रीव्हियस पेपर्स म्हणजे तीच फाइल होती, ज्यावर ते हे लिहीत होते.

यात साहेबांचेच चुकले असे म्हणून मला नामानिराळा होता आले असते. पण खरे सांगतो, प्रत्येक शेऱ्याखाली पुन्हा ‘पुट अप’ लिहिणारा हात माझाच होता. पाचही वेळा. अक्षर चांगले आहे माझे.

आजी दर सोमवारी यायच्या. मी दर सोमवारी म्हणायचो, “वर ठेवलाय, आजी.” सहाव्या सोमवारी त्या बाकावरून उठल्या, काउंटरच्या काचेशी आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “बाळा, हे वर गेले, ते समजलं. त्यांचे कागदही वर गेले म्हणतोस. आता खाली काय येणार आहे, तेवढं सांग. वाण्याला सांगायचंय.”

रागाने म्हणाल्या असत्या तर बरे झाले असते. रागाला आमच्याकडे तक्रारवही आहे.

त्या दिवशी मी हिशेब केला. एक्केचाळीस दिवस झाले होते. आणि नियम काय सांगतो? हे मी बी.कॉम.च्या भरवशावर बोलत नाही. रिझर्व्ह बँकेने २००५ सालीच बँकांना बजावून ठेवले आहे, की खातेदाराच्या मृत्यूचा पुरावा आणि दावा करणाऱ्याची ओळख पटली, की दावा आल्यापासून १५ दिवसांच्या आत निकाली काढा. नॉमिनी असेल तर वारसा प्रमाणपत्र मागू नका, जामीन मागू नका. नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी. पुढे वारसांचा हक्क काय, तो त्यांचा त्यांनी पाहावा. अलीकडे २०२५ साली तर बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास भरपाई द्यायचेही ठरवून दिले आहे. म्हणजे वरच्यांनी सगळे खाली पाठवून दिले होते. आम्हीच ते पुन्हा वर ठेवत बसलो होतो.

तेव्हा मला त्या कोशातला एक अर्थ आठवला. तो मी मुद्दाम मागे ठेवला होता. अमेरिकेत फळे, भाज्या, लोणची बरणीत घालून टिकवून ठेवतात, त्यालाही पुट अप म्हणतात! मंडळी, आमच्या कचेरीने त्या क्रियापदाच्या पंचवीस अर्थांतून नेमका हाच उचलला आहे. आम्ही फाइलचे लोणचे घालतो. शेऱ्यांचे मीठ, सह्यांची मोहरी, वरून तेलाचा थर, आणि मुरत ठेवतो. फरक एवढाच, की मुरलेले लोणचे पुढे कोणीतरी खातो.

मी उठलो. फाइल घेतली, परिपत्रकाची प्रत वर ठेवली आणि ती अकरा पावले स्वतः चाललो. ट्रेमध्ये टाकली नाही. साहेबांसमोर उभा राहिलो. “साहेब, सगळी कागदपत्रं बरोबर आहेत. मी तपासली आहेत. नॉमिनी बाहेर बाकावर बसल्या आहेत. पैसे द्यावेत, असं माझं मत आहे. मुदत पंधरा दिवसांची होती, आज एक्केचाळिसावा आहे.”

साहेब वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले, फाइल उलटली आणि विचारले, “मग हे तुम्ही नोटमध्ये का नाही लिहिलंत?”

बिनतोड प्रश्न होता. पाच वेळा लिहिलेल्या त्या नोटमध्ये माझे मत कुठेच नव्हते. ‘पुट अप’ होते. सही व्हायला चार मिनिटे लागली. त्यातली दोन पेन शोधण्यात गेली.

आता दुसरी बाजू. पुढे एकदा चहाच्या वेळी साहेबांनी ती मांडली, आणि ती खोटी नाही. ते म्हणाले, “अहो, एकाने करायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, यावरच तर बँक उभी आहे. प्रत्येक क्लार्कने परस्पर पैसे वाटले, तर उद्या कुलूप लावावं लागेल.” शंभर टक्के कबूल. दोन डोळे हवेत, चार हवेत. माझे म्हणणे एवढेच, की पुट अप करणे म्हणजे तपासणे नव्हे. तपासणारा म्हणतो, ‘मी पाहिले, हे बरोबर आहे’ किंवा ‘हे चूक आहे’. पुट अप करणारा म्हणतो, ‘मी पाहिले’, आणि पुढे गप्प. खालचा म्हणतो आदेश वरून यावेत, वरचा म्हणतो प्रस्ताव खालून यावा. दोघेही अदबशीर, दोघेही निर्दोष, आणि मधल्या बाकावर एक म्हातारी रबर लावलेली पिशवी घेऊन बसलेली. ज्या क्रियापदात कर्ताच राहत नाही, त्याला व्याकरणात काय म्हणतात ठाऊक नाही. कचेरीत त्याला ‘प्रोसिजर’ म्हणतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. हा शब्द बंद करा. ‘सादर’ही बंद करा आणि ‘प्रस्तुत’लाही घरी पाठवा, कारण रोग तोच, नुसते धोतर बदलले आहे. त्याऐवजी प्रत्येक कागदावर तीन गोष्टी लिहा: मी काय तपासले, माझे मत काय, आणि कोणत्या तारखेच्या आत उत्तर हवे. खाली नाव, वाचता येईल असे. वरच्याने दोनच शब्दांतून एक निवडायचा: हो किंवा नाही. ‘नाही’ म्हटले तर कारण एका ओळीत. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, मोडीत लिहा. पण लिहिणारा दिसला पाहिजे.

ही सूचना मी शाखेच्या मासिक बैठकीत लेखी दिली. साहेबांना मनापासून आवडली. “उत्तम कल्पना!” म्हणाले, आणि लगेच पेन काढून तिच्यावर शेरा मारला. काय मारला ते सांगून तुमच्या बुद्धीचा अपमान करत नाही. सूचना सध्या वर आहे.

आजी मात्र अजून येतात. दर मे महिन्यात कैरीच्या लोणच्याची छोटी बरणी घेऊन येतात. नको म्हटले तर रागावतात. बरणी हातात देताना दरवर्षी बजावतात, “हे मात्र मुरू दे हं बाळा. महिनाभर हात लावू नकोस, वर ठेव.”

मी घरी येऊन ती बरणी फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवतो. सर म्हणाले होते तेवढा एकच अर्थ खरा, बाकी सगळे साहेबाचे लफडे. ‘पुट अप’ म्हणजे वर ठेवणे. लोणचे.